शनिवारच्या बरण्या

आमच्या वन्संच्या अंबाड्यात फूल कधी कुणी पाहिलं नाही. पेन्सिल मात्र कायम खोचलेली असायची. मी लग्न होऊन या घरात आले त्या दिवशी पाहुण्यांच्या गर्दीत सासूबाई कुणाला तरी सांगत होत्या, "ती पेन्सिलवाली माझी लेक." मला वाटलं, शाळेत शिकवत असतील. आठ दिवसांनी कळलं की त्या मोठ्या इस्पितळात माणसांच्या अंगातून काढलेल्या गाठींचे काप काढतात. त्या दिवशी त्यांच्या हातचा चहा घेताना मी जराशी थबकले, हे आता कबूल करायला हरकत नाही. त्यांच्याही ते नजरेतून सुटलं नाही.

"वहिनी, तीनदा साबणाने धुतलेत हात," त्या म्हणाल्या. "चौथ्यांदा धुतले तर कातडी निघेल, मग तीच कापायला न्यावी लागेल."

मी चहा प्यायले. आमची मैत्री त्या कपापासूनची.

तशा त्या माझ्याहून दोन वर्षांनी लहान. पण नणंदेचं नातं मानाचं, म्हणून मी त्यांना 'वन्सं' म्हणायची, 'तुम्ही' म्हणायची. त्या मला 'वहिनी' म्हणत आणि 'तू' म्हणत. मान माझा की त्यांचा यावर आमचे हे आम्हा दोघींना चिडवायचे.

सासरे गेले तेव्हा हे कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि वन्संची शाळा नुकतीच संपली होती. घरात कुणीतरी लवकर मिळवतं व्हायला हवं होतं. इस्पितळाने प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांसाठी दोन वर्षांचं शिक्षण सुरू केलं होतं. भावाला न विचारता वन्संनी अर्ज केला आणि विसाव्या वर्षी नोकरीला लागल्या त्या निवृत्त होईपर्यंत त्याच खोलीत. लग्नाचं विचारलं की म्हणायच्या, "स्थळ येतं, वास घेतं, जातं." गाठ नासू नये म्हणून जे औषध वापरतात, त्या फॉर्मालिनचा वास खरोखरच त्यांच्या पदराला असायचा. सुरुवातीला डोळ्यांत पाणी आणायचा. पुढे पुढे त्या दारात आल्या की वासाआधी मला त्यांची चाहूलच लागायची. आता त्यांच्या ट्रंकेतल्या साड्या काढून हुंगते, तर नुसता जुन्या सुताचा वास येतो. त्या गेल्या त्याला दोन वर्षं झाली.

एकदा त्या चष्मा घरी विसरून गेल्या. तो द्यायला मी पहिल्यांदा त्यांच्या खोलीत गेले. खोली इस्पितळाच्या मागच्या अंगाला, धुलाईघराला लागून. एक लांबट खिडकी, खिडकीखाली दगडी ओटा, ओट्यावर लोखंडी यंत्र. त्याला शिलाई मशीनसारखं हाताने फिरवायचं चाक. गाठीचा लहानसा तुकडा मेणात बसवून त्याचा चौकोनी ठोकळा करतात, त्याला ते ब्लॉक म्हणतात. चाक फिरलं की तो ब्लॉक पात्यावरून खाली यायचा आणि कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप निघायचा. दुसरा काप पहिल्याला चिकटायचा, तिसरा दुसऱ्याला, अशी फीतच तयार व्हायची. वन्सं ती फीत दोन बारीक कुंचल्यांवर तोलत कोमट पाण्यावर सोडत, सुरकुत्या गेल्या की खालून काच सरकवून अलगद झेलत. मी श्वास रोखून बघत राहिले.

"श्वास घे, पण शिंकू नकोस," त्या म्हणाल्या. "तू शिंकलीस तर एका बाईचा रिपोर्ट भिंतीला चिकटेल."

"कोण बाई?"

"नंबर आहे. नाव मी वाचत नाही. नाव वाचलं की हात थरथरतो."

पेन्सिलचं कोडंही तिथेच सुटलं. ब्लॉकसोबत नंबराची चिठ्ठी जाते आणि तिला नाना औषधांच्या अंघोळी घडतात. शाई त्यात धुऊन निघते, पेन्सिलचं अक्षर राहतं. सगळं इस्पितळ त्यांना पेन्सिलबाई म्हणायचं. नवीन डॉक्टरांना तर त्यांचं खरं नाव ठाऊकच नसे.

त्यांची आणखी एक सवय मी त्या दिवशी पाहिली. एखादा ब्लॉक नरम निघाला, पात्याखाली चुरला, पाण्यावर सोडताच भिजलेल्या कागदासारखा विरायला लागला, की त्या वहीत त्याच्या नंबराशेजारी एक ठिपका द्यायच्या. पुन्हा कधी तो ब्लॉक कापायची वेळ आली तर आधी बर्फावर ठेवायचा, चाक हळू फिरवायचं, एवढंच त्याचं प्रयोजन. त्यांच्या स्वतःच्या सोयीची खूण ती, डॉक्टरांना तिचा पत्ताही नव्हता.

अशी तीस वर्षं गेली. सासूबाई गेल्या, माझी मुलं मोठी झाली, वन्संच्या केसांत पेन्सिलीच्या रंगाचे केस आले. आणि मग बाहेरदेशातून ती नवीन तपासणी आली.

स्तनाच्या कर्करोगात ऑपरेशननंतर काही बायकांना एक साधी गोळी वर्षानुवर्षं घ्यायला देतात. दुखणं परतू नये म्हणून. पण ती सगळ्यांना लागू पडत नाही. गाठीच्या कापावर एक विशिष्ट रंग चढवून बघायचा. काप तपकिरी झाला तर गोळी लागू, कोरा राहिला तर उपयोग नाही. रंगाच्या इवल्याशा बाटल्या बर्फात घालून यायच्या. मोठे डॉक्टर, म्हणजे त्या विभागाचे प्रमुख, त्या बाटल्यांना तान्ह्या मुलासारखं जपायचे.

इथे मात्र कोरे काप फार निघायला लागले. बाहेरच्या पुस्तकांत लिहिलं होतं की दहातल्या सहा-सात बायकांना रंग चढतो. आमच्याकडे दहात चार जेमतेम. मोठ्या डॉक्टरांनी आणखी चार ठिकाणी विचारलं, तिथेही तेच. मग हळूहळू सगळेच म्हणायला लागले की इकडच्या बायकांचा आजारच वेगळा, जात्याच वाईट. वॉर्डात बायकांना सांगायचे, "तुम्हाला ती गोळी लागू नाही." बायका मान हलवायच्या. आपलंच शरीर खोटं, असं समजून घरी जायच्या.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक शिलाईवाली राहायची. चाळिशीची, नवरा माल वाहायच्या गाडीवर, पदरी एक मुलगी. माझे सगळे ब्लाउज तिच्या हातचे. तिचंही ऑपरेशन झालं आणि तिलाही तेच सांगितलं. मी भेटायला गेले तेव्हा मशीनवर बसल्या बसल्या ती म्हणाली, "काकू, मला म्हणे गोळीपण लागत नाही. जन्मापासून माझं असंच, सगळ्यांना चालेल ते मला चालत नाही." आणि हसली. मी देवाचं नाव घेतलं आणि कापड मापायला दिलं.

त्यानंतर दोनेक वर्षांनी वन्सं गप्प व्हायला लागल्या. जेवताना विचारात, रस्त्यात विचारात. हे म्हणाले, "निवृत्ती जवळ आली की माणूस असाच होतो." मी म्हटलं, "पाच वर्षं आहेत अजून. पाच वर्षं आधीपासून कुणी गप्प होत नाही."

एका दुपारी आम्ही दोघी धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होतो. चादरीचं एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. घडी अर्धी झाली आणि त्या तशाच उभ्या राहिल्या.

"वहिनी, आपल्या बायका वेगळ्या असतील गं. मी कोण नाही म्हणणार? पण सगळ्या शनिवारीच कशा वेगळ्या होतात?"

"म्हणजे काय?"

मग त्यांनी सांगितलं. वहीत ज्या ब्लॉकना ठिपके होते, तेच ब्लॉक रंगाच्या तपासणीत कोरे निघत होते. एकदोन नव्हे, पानंच्या पानं. आणि ठिपक्यांच्या तारखा पाहिल्या तर बहुतेक सोमवारच्या. सोमवारी हाती आलेल्या गाठी म्हणजे शनिवारच्या ऑपरेशनच्या. शनिवारी प्रयोगशाळा एक वाजता बंद व्हायची. ऑपरेशनं मात्र संध्याकाळपर्यंत चालायची. काढलेली गाठ कुणीतरी हाताशी लागेल त्या बरणीत टाकायचं, वर बोटभर फॉर्मालिन ओतायचं आणि बरणी आमच्या वन्संच्या बंद दाराबाहेरच्या फडताळात ठेवून द्यायचं. शनिवारची रात्र, आख्खा रविवार, उन्हाळा असो की काही असो.

"औषध बाहेरून आत मुरत जातं," वन्सं म्हणाल्या. "अख्खी गाठ तशीच टाकली तर कडा तेवढ्या टिकतात, आत पोचेपर्यंत मधलं सगळं नासतं. ही चादर आहे ना, बोळा करून बादलीत टाक. वरून भिजेल, मधली घडी कोरडीच राहील."

"मग रंग कडेला चढायला हवा."

"तेच तर. आणि तपासणीला आम्ही कोणता तुकडा घेतो? मधला. गाठीचा मध्य सगळ्यात भरीव, म्हणून त्यावरच तपासायचं, ही आमची शिस्त! कडेचे तुकडेही मेणात बसवतो, पण ते तळघरात जातात. पुन्हा कुणी बघत नाही."

"बाहेरच्या देशांत असं होत नसेल?"

"तिथे गाठ निघाल्याबरोबर तिचे काप करून भरपूर औषधात घालत असतील. ज्यांनी पुस्तक लिहिलं त्यांना आपलं फडताळ कुठे ठाऊक आहे?"

मी म्हटलं, "मग सांगा ना डॉक्टरांना! बसलात काय?"

त्यांनी चादरीचं टोक माझ्या हातात दिलं.

"वहिनी, शनिवारी एक वाजता कुलूप कोण लावतं? मी लावते. तीस वर्षं लावतेय. सोमवारी त्या बरण्या उघडताना वास बदललेला असतो, हे माझ्या नाकाला कधीपासूनचं कळतंय. मी ठिपका देऊन मोकळी झाले."

त्या रात्री मी देवापुढे हात जोडले, पण मागायचं काय ते सुचेना. त्यांनी बोलावं असं मागावं, तर त्यांची नोकरी. बोलू नये असं मागावं, तर ती शिलाईवाली डोळ्यांपुढे येत होती. तिचं ऑपरेशन शनिवारीच झालं होतं. मला पक्कं आठवत होतं, कारण त्या दिवशी शनिवारची अर्धी शाळा सुटल्यावर तिची मुलगी परस्पर आमच्याकडे आली होती. सकाळी मी ते वन्संना सांगितलं.

त्यांनी कानांवर हात ठेवले. "तुला म्हटलं होतं ना, मी नावं वाचत नाही म्हणून!"

"आता सांगितलं. काय करायचं ते करा."

तीन दिवस आमच्यात अबोला होता. इतक्या वर्षांत तेवढाच.

चौथ्या दिवशी इस्पितळात सूचना लागली. तळघरात नवीन यंत्र बसणार, महिनाअखेरपर्यंत तळघर रिकामं करायचं. जुने ब्लॉक वितळवून मेण पुन्हा वापरावं, बाकी टाकून द्यावं. वन्सं घरी आल्या त्या चपला न काढताच स्वयंपाकघरात.

"वहिनी, कडेचे सगळे तुकडे वितळवणार आहेत."

"मग?"

"मग काय मग! ते गेले की संपलं. आपल्या बायकांचं शरीरच खोटं, हे कायमचं खरं होऊन बसेल. पुढे कुणाला विचारायलाही जागा नाही राहणार." त्यांनी पाणी प्यायलं. "उद्या सकाळी जाते मोठ्या डॉक्टरांकडे. तू चल. आत नको येऊस. नुसती बाहेर बस."

मी बाहेरच्या बाकावर बसले. दार अर्धवट उघडं होतं, त्यामुळे सगळं ऐकू आलं. वन्संनी चादरीचंच उदाहरण दिलं. मोठे डॉक्टर आधी हसले.

"बाई, बाहेर हजारो बायकांवर तपासून लिहिलंय हे."

"त्या हजारांत आपली एकही नव्हती, साहेब."

"अहो, म्हणून तर आपण म्हणतोय ना, की आपल्या वेगळ्या आहेत!"

"वेगळ्या असतीलही. पण आपण बायका तपासल्याच नाहीत. आपण बरण्या तपासल्या."

मग डॉक्टरांचा आवाज चढला. "तुम्हाला कळतंय का तुम्ही काय म्हणताय? तीन वर्षं मी वॉर्डात उभा राहून बायकांना सांगतोय. ते सगळं चुकीचं?"

"सगळं नाही. किती, ते बघायला हवं. आणि चूक तुमच्या एकट्याची नाही. कुलूप मी लावत होते."

"हे लिहून द्याल?"

"पेन्सिलने देऊ का पेनने?" वन्सं म्हणाल्या.

बाहेर बसून मी तोंडाला पदर लावला. हसू आलं की रडू, देव जाणे. मोठे डॉक्टर तापट होते, पण खोटे नव्हते. ते म्हणाले की नवीन बाटली देता येणार नाही, ती आताच्या रोग्यांसाठी आहे. दोन बाटल्यांची तारीख नुकतीच उलटली आहे, त्या वापरा. आधी रंग चढतोच अशा खात्रीच्या कापांवर चालवून बघा, रंग नीट चढला तर पुढे जा. तळघर रिकामं करायचं काम महिनाअखेरपर्यंत त्यांनी अडवून धरलं. त्यापुढे अडवणं त्यांच्या हातात नव्हतं.

आमच्या हाती चार रविवार होते. वन्संना एकटीने इतके खण उपसणं शक्य नव्हतं, म्हणून डॉक्टरांच्या परवानगीने मीही जायची. तळघरात भिंतभर लाकडी खण, काड्यापेटीएवढ्या कप्प्यांचे. वन्सं वहीतून नंबर वाचायच्या, मी स्टुलावर चढून शोधायची. मराठी शाळेत शिकलेली मी, इंग्रजी आकड्यांत सहा आणि नऊ उलटसुलट धरून दोनदा भलतेच ब्लॉक काढून दिले. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, तू डॉक्टर झाली असतीस तर डाव्याऐवजी उजवा पाय कापला असतास." दुपारी तिथेच पायरीवर बसून डबा खायचा. वरच्या झरोक्यातून माणसांचे नुसते पाय दिसायचे. कुणाच्या चपला घाईच्या, कुणाच्या घुटमळणाऱ्या. "तो बघ, रिपोर्ट घ्यायला आलाय," वन्सं पायांवरून सांगायच्या. आयुष्यात मी इतकी दमले नसेन आणि इतकी सुखातही नसेन.

तीन वर्षांतले शनिवारचे कोरे निघालेले एक्केचाळीस नंबर होते. त्या सगळ्यांचे कडेचे तुकडे सापडले. वन्संनी ते कापले, रंगवले आणि मोठ्या डॉक्टरांनी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली बघितले. कुठला नंबर कुणाचा हे त्यांनी मुद्दाम पाहिलं नाही. एक्केचाळिसांपैकी एकोणिसांना रंग चढला. काहींमध्ये तर एकाच कापात कड तपकिरी आणि आतली बाजू कोरी. बाकीच्या बावीस कडेलाही कोऱ्याच राहिल्या. त्यांचा आजार खरोखरच गोळीला दाद न देणारा होता, किंवा कडही नासली होती. ते कळायला आता मार्ग नव्हता.

"म्हणजे आपल्या बायकांबद्दल आपल्याला अजून काहीच माहीत नाही," मोठे डॉक्टर म्हणाले. "नव्याने बघावं लागेल. आपल्या बायका, आपला उन्हाळा, आपल्या बरण्या, सगळ्यासकट."

मग नंबरांशी नावं जुळवली. शिलाईवालीचा नंबर एकोणिसांत होता.

तिला डॉक्टरांनी बोलावलं, गोळी सुरू केली. उशीर झालाय पण फायदा होऊ शकतो, असं सांगितलं. तपासणी पुन्हा केली म्हणाले, त्याहून जास्त काही बोलले नाहीत. तिथे ते प्रकरण मिटलं असतं. पण त्याच संध्याकाळी वन्सं म्हणाल्या, "चल तिच्याकडे."

"कशाला? गोळी मिळाली ना तिला."

"गोळी डॉक्टरांनी दिली. माझं द्यायचं राहिलंय."

शिलाईवाली कापडावर खडूने रेघा मारत होती, गळ्यात टेप. वन्संनी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. बरणी, फडताळ, कुलूप, रंग चढलेले एकोणीस नंबर. एकही शब्द गाळला नाही. तिने रेघ मारणं थांबवलं नाही. रेघ पूर्ण करून मग मान वर केली.

"दोन वर्षं गेली ना माझी?"

"हो."

"आणि तुम्ही रोज या दारावरून जात होतात."

"हो. तेव्हा मला माहीत नव्हतं. पण विचारलं असतं तर कळलं असतं."

"मग आता कशाला सांगता? न सांगता चाललं असतं की. मला काय कळणार होतं?"

"तुमच्या शरीरात काही खोट नव्हती, हे तुम्हाला कळायला नको?"

तिने कात्री उचलली आणि कापायला लागली. आम्ही निघालो. गल्लीतून येताना वन्संनी माझा हात धरला होता. त्यांचा हात थरथरत होता. यंत्राच्या चाकावर तो कधी हललेला मी पाहिला नव्हता.

पंधरा दिवस ती आमच्याशी बोलली नाही. माझं शिवायला दिलेलं कापड मुलीच्या हाती न शिवता परत पाठवलं. मी समजले. तिला रागवायचा हक्क होता. मग एका रविवारी दुपारी ती स्वतःच आली. दारातच उभी राहिली, आत या म्हटलं तरी येईना.

"बाई, बाकीच्या अठराजणींचं काय?"

वन्सं म्हणाल्या, "इस्पितळ पत्रं पाठवणार आहे. डॉक्टरांची सही झाली, पाकिटं माझ्याकडेच आहेत, पत्ते घालायचेत."

"बघू पत्र."

छापील कागद तिच्या हातात दिला. 'आपल्या पूर्वीच्या तपासणीसंबंधी कृपया तातडीने भेटावे.' तिने वाचला आणि कपाळाला हात लावला.

"हे वाचून कोण येईल? मला असं पत्र आलं असतं तर मी चुलीत घातलं असतं. काहीतरी आणखी वाईट निघालं असेल म्हणून बाया दार लावून बसतील." मग ती आत आली, चटईवर बसली. "काकू, कोरे कागद आहेत का? मी सांगते तसं लिहा. प्रत्येकीला एक चिठ्ठी आतून घालायची."

तिने सांगितलं आणि मी लिहिलं. 'घाबरू नका. मीपण तुमच्यासारखीच आहे, माझंही ऑपरेशन शनिवारी झालं होतं. तुम्हाला लागू नाही म्हणून सांगितलेली गोळी कदाचित लागू आहे. चूक तपासणीची होती, आपली नव्हती. येताना एकट्या येऊ नका, सोबत कुणीतरी आणा, खूप वेळ बसावं लागतं. जवळ खायला ठेवा.' वन्सं म्हणाल्या, डॉक्टरांना दाखवून मगच घालू. डॉक्टरांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि 'लागू आहे'च्या आधीच्या 'कदाचित'खाली एक रेघ ओढून परत दिली.

शिलाईवालीचं तोंड त्या दुपारी सुटलं ते सुटलंच. पाकिटं चिकटवता चिकटवता म्हणाली, "दुसऱ्याच्या मापाने कापलं आणि आपल्या अंगाला बसलं नाही, की लोक अंगालाच नावं ठेवतात. आमच्या धंद्यात हे रोजचं आहे, बाई. आधी माप घ्यावं माणसाचं." वन्सं ऐकत होत्या. पुढे मोठ्या डॉक्टरांनी सगळी माहिती मांडून एक लेख लिहिला, तेव्हा वन्संनी त्यांना हे वाक्य सांगितलं म्हणे. लेखात ते काही आलं नाही. पण शनिवारी गाठींचे तिथल्या तिथे काप करायचा नियम झाला, आणि निवृत्त होईपर्यंत शनिवारी वन्सं घरी जेवायला आल्या नाहीत.

अठरातल्या नऊजणी आल्या. तिघींची पाकिटं पत्ता सापडत नाही म्हणून परत आली. दोघींनी कळवलं की त्या दुसरीकडे उपचार घेतायत. तिघींकडून काहीच नाही. आणि एका पाकिटात एका नवऱ्याचं पत्र आलं, वहीच्या फाडलेल्या पानावर, ठळक अक्षरातलं. 'पत्ता बरोबर आहे. ती मागच्या उन्हाळ्यात गेली. तुमची चिठ्ठी मी तिच्या आईला वाचून दाखवली. चूक आपली नव्हती हे वाचून तिची आई फार रडली, कारण ती आजवर स्वतःलाच दोष देत होती.'

ते पत्र आलं तेव्हा आम्ही तिघी आमच्या ओसरीवर बसलो होतो. शिलाईवालीने ते वाचलं आणि माझ्याकडे दिलं. मी वाचून वन्संकडे दिलं. काहीच न कळवलेल्या तिघींतली एकही अशीच गेली होती हे नंतर कळलं, तिच्याकडून कागद आला नाही एवढंच.

शेवटी शिलाईवाली हळूच म्हणाली, "बाई, याला आता काय उत्तर देणार? राहू द्या. झालं ते झालं."

"नाही," वन्सं म्हणाल्या. "इस्पितळाने पत्र पाठवलं, आपण चिठ्ठी घातली, पण ते दोन्ही तिच्यासाठी होतं. त्या नवऱ्याला, त्या आईला कुणी माणसाने लिहिलेलं नाही अजून."

त्या आत गेल्या आणि दार लोटून घेतलं. मी स्वयंपाकाला लागले. शिलाईवाली गेली नाही, माझ्याबरोबर शेंगा सोलत बसली. तास-दीड तास झाला असेल. वन्सं बाहेर आल्या तेव्हा पाकीट बंद केलेलं होतं. आत काय लिहिलंय ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही दोघींनी विचारलं नाही. शिलाईवालीने ते त्यांच्या हातातून घेतलं. "मी टपालपेटीच्याच बाजूने जातेय," म्हणाली, आणि चपला घालून निघाली.